गुरुजींची कॉपी

पारोळ्याच्या शाळेत कॉप्या पकडण्यात लोटन गुरुजींची हयात गेली. किडनीला सूज आली म्हणून गावच्या डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं, तरी हिवाळाभर गुरुजींनी शेताशेतांवर भरीत पार्ट्या झोडल्या. आता धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांनी नवीनच तपासणी सांगितली. सुजेनं किडनीत वण पडू लागले, की एक प्रोटीन लघवीत उतरतं म्हणे. गुरुजींना वणांपेक्षा डॉक्टरांच्या बोलण्यांची धास्ती जास्त. सकाळी निघण्याआधी त्यांनी रिकामी बाटली बायकोपुढे धरली.

"तू ठणठणीत आहेस. दे भरून."

"आते हाई बी मीच करू का?" असं पुटपुटत मंजुळाबाईंनी ती भरून दिली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी रिपोर्टवरून मान वर केली. "गुरुजी, प्रोटीन फार वाढलंय. एवढे वण एका हिवाळ्यात पडत नाहीत, हे दुखणं जुनं आहे. पाय सुजत असतील, दम लागत असेल. घरात कुणाचंच लक्ष गेलं नाही?"

गुरुजींनी खाली पाहिलं; त्यांचे पाय तर सडसडीत होते. उभ्या जन्मात एकदाच कॉपी केली, तीसुद्धा कुणाची करतोय ते न बघता!

ते बाहेर आले. बाकावरून मंजुळाबाई सुजलेले पाय चपलांत कोंबत, धापा टाकत उठल्या आणि हसून म्हणाल्या, "पास करं ना तुम्हले डॉक्टरनी?"