आठ तासांची झोप

धुकं विरायच्या आतच साखर कारखान्याचे सुरक्षा अधिकारी घोरपडे कुंदाच्या दारात आले. तिच्या वडिलांना, आण्णांना, जाऊन नऊ दिवस झाले होते.

"ताई, अहवाल आलाय. धुक्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आण्णांचा ट्रॅक्टर मागून आदळला. चूक त्यांचीच धरलीय."

"दमलेले असतील."

"तो प्रश्नच नाही. मनगटावरच्या पट्ट्यात सहा तासांची झोप नोंदल्याशिवाय आमचा ट्रॅक्टर सुरूच होत नाही. त्यांची तर आठ तास झाली होती."

कुंदा चुलीतल्या राखेकडे बघत राहिली. पट्ट्याला नाडी कळायची, माणूस कळायचं नाही. त्यामुळे हंगाम सुरू झाला की गावातल्या ड्रायव्हरांची झोप घरचीच माणसं घ्यायची. "आज कुणाची झोप घालून आलास रे?" अशी पारावर थट्टा चालायची. वीज रात्रीच यायची, म्हणून आण्णा थंडीत गव्हाला पाणी पाजायला जायचे. जाताना पट्टा कुंदाच्या मनगटावर बांधायचे. "माझ्या वाटणीची पण झोप गं, बाई," म्हणायचे. पहाटे पट्टा काढून घेताना ती जागी होऊ नये, इतका हलका हात लावायचे.

घोरपड्यांनी कागद पुढे केला. त्यांचा आवाज मऊ झाला. "एक समाधान माना, ताई. शेवटच्या रात्री त्यांना फार शांत झोप लागली. एकदाही जाग आलेली नाही."

"नाही आली," कुंदा म्हणाली. "ते पट्टा काढून घेऊन गेले, तेव्हासुद्धा मला जाग आली नाही."