मुका मार

पंधरा वर्षांच्या युल्वाच्या गुडघ्याचा एमआरआय पडद्यावर होता. हँडबॉल खेळताना गुडघा मुरगळला, असं मायलेकींनी सांगितलं होतं.

"मुरगळल्याचा मुका मार असा नसतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा गुडघ्याच्या खाली, हाडावर अगदी समोरून बसलाय. आणि मागचं लिगामेंट फाटलंय. गाडीत पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळला, की असं दिसतं."

त्या दिवशी युल्वाची आई तोरुन पिऊन गाडी चालवत होती. आता लायसन्स जाईल. बालसंरक्षणवाले येतील आणि लेकीला घेऊन जातील.

"अरे हो की!" युल्वा हसून म्हणाली. "पडताना गुडघा बाकावर आपटला होता. आईला कुठलं माहीत असणार? ती मॅचला आलीच नव्हती."

पोर कुठेही अडखळली नाही. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी तोरुनच्या अंगावर काटाच आला. इतकं सफाईदार खोटं ही केव्हा शिकली?

"गाडी मी चालवत होते," ती कशीबशी म्हणाली. "प्यायले होते."

"आई, गप्प बस ना!" युल्वा ओरडली आणि गुडघ्याला लागल्यापासून पहिल्यांदाच रडली.