थरथर असेपर्यंत

“शॉक द्या ना, डॉक्टर!” मी काचेचं दार ढकलून ओरडलो. खाटेवर माझी बायको निपचित पडली होती. पडद्यावर सरळ रेघ होती.

“आजोबा, शॉक थरथरणाऱ्या हृदयालाच लागू पडतो. ती थरथर मोडून ठोके ताळ्यावर आणतो. यांचं हृदय पूर्ण थांबलंय. पडल्याबरोबर छाती दाबत आणलं असतंत, तर संधी होती.”

ती ओट्यापाशी कोसळली आणि तिला झटके आले, तेव्हा मला फिट वाटली. शेजारी म्हणाले, कांदा हुंगवा. मी दहा मिनिटं कांदाच हुंगवत बसलो.

लेक आली, माझ्या गळ्यात पडून रडली. “बाबा, तुम्ही घरी होतात म्हणून बरं, शेवटी आई एकटी तरी नव्हती.”

मी तिला खरं सांगणार होतो. “हो गं पोरी,” म्हणालो.