लागू न पडलेली गोळी

टिक्.

दुपारच्या शांत घरात एवढाच आवाज झाला. सासूबाईंना टेकून बसवायला तिनं उशी उचलली आणि अभ्र्यातून काहीतरी फरशीवर पडलं. मग आणखी एक. मग अभ्रा उलटाच झाला आणि पांढऱ्या, कडा झिजलेल्या गोळ्या कॉटखाली घरंगळत गेल्या.

तिच्या दुसऱ्या हातात दुखण्यावरची नवी गोळी होती. सकाळीच आणलेली, आधीच्यापेक्षा कितीतरी कडक.

"सापडलं वाटतं घबाड," सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

"माई, या तुम्ही घेतल्याच नाहीत?"

"घेतल्या की. तोंडात घेतल्या. गिळायचं कुठं ठरलं होतं?"

ती खाली फरशीवरच बसली.

प्रयोगशाळेत तिचं काम चेहरे बघायचं. हाडात कॅन्सर वाढवलेले उंदीर. अर्ध्यांना दुखणं कमी करणारं नवं औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या पिंजऱ्याला काय, हे तिला कोणी सांगत नसे. सांगितलं की नजर लबाडी करते. तिनं फक्त फोटो बघायचे, डोळे किती मिटलेत, गाल किती फुगलेत, कान किती मागे गेलेत, आणि दुखण्याला आकडा द्यायचा. मिठाच्या पाण्यावरचे तिला तरीही ओळखू येत. ते तिच्यामागून घरीही येत. भाजी चिरताना, लेकीच्या, भुंगीच्या, वेण्या घालताना मध्येच ते अर्धवट मिटलेले डोळे समोर उभे राहत.

गेले काही दिवस तेच डोळे तिला सासूबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होते. गोळी लागू पडत नाही, असं तिनं डॉक्टरांना ठासून सांगितलं होतं. ही याच कामातली, म्हणून त्यांनीही फार खोदून विचारलं नाही; वाढवून दिली.

चेहरा तिनं बरोबर वाचला होता. पिंजरा चुकला होता; सासूबाई औषधावरच्या नव्हत्याच.

"माई, ही नवी गोळी सवय नसलेल्या अंगात गेली असती, तर झोपेत श्वास बंद पडला असता. माझ्या हातानं."

"मग बरंच झालं की, मी चोर निघाले ते."

"हसू नका हो."

"मग काय रडू? रडलं की बरगड्या दुखतात."

"पायातली रक्ताची गुठळी वर सरकू नये म्हणून रोज पोटात सुई टोचून घेता. पोट हिरवंनिळं झालंय, तरी हूं की चूं नाही. आणि गोळीचंच काय एवढं?"

सासूबाई हळूहळू तिच्याकडे वळल्या. वळताना गाल आवळले गेले. नको नको म्हणताना तिच्या मनानं आकडा दिलाच.

"तशी बघू नकोस माझ्याकडे. मापं घेतल्यासारखी." त्यांनी दम खाल्ला. "सुईनं झोप येत नाही गं. पहिल्या दिवशी गोळी गिळली, तर दुपार कुठं गेली कळलं नाही. उठले तर भुंगी मला म्हणते, 'कदाचित'. कदाचित! कधी शिकली हा शब्द? मी घोरत होते तेव्हा?"

तिनं डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, जुनीच द्या. आणि लक्ष ठेवा.

तिनं जुन्या पाकिटातली गोळी काढली, पाणी आणलं.

"मी इथंच बसते, माई. भुंगी जे काही नवं बोलेल ते लक्षात ठेवीन. उठलात की शब्दन् शब्द सांगेन."

"तू? तुला आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही."

"माई..."

"दे."

त्यांनी गोळी गिळली आणि शाळेतल्या पोरीसारखी जीभ काढून दाखवली.

थोड्या वेळानं डोळ्यांच्या कोपऱ्यांतली घडी सुटली. गाल सैल पडले. शून्य, ती मनात म्हणाली. आणि ते शून्य तिला मुळीच आवडलं नाही. ती सासूबाईंच्या छातीवरची चादर बघत राहिली. वर. खाली. वर.

आतल्या खोलीतून भुंगी अनवाणी आली.

"आजी झोपली?"

"हो. हळू बोल."

भुंगी कॉटशेजारच्या भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. एक हात डोक्यावर सपाट धरून तिनं तो मागं, उंची मोजतात तसा भिंतीला टेकवला. मग आजीकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं,

"आई, आजी उठेपर्यंत मी केवढी होईन?"