गुरुवारचा भडका

चंद्रप्रकाशने वरणभाताचं ताट भिंतीवर मारलं, तेव्हा नीलाने आधी कॅलेंडर पाहिलं. गुरुवार. पुन्हा गुरुवारच!

मेंदूला मार लागून ज्यांचं वागणं ताब्यात राहत नाही, अशी मोठी माणसं मुलुंडच्या त्या केंद्रात असत. नीला त्यांना पुन्हा माणसांत राहायला शिकवायची. चंद्रप्रकाश सावंत लिफ्ट दुरुस्त करणारा. घाटकोपरच्या एका इमारतीत पाय सटकला आणि दोन मजले खाली कोसळला. शुद्धीवर आला तो वेगळाच माणूस होऊन. मिक्सर लागला की किंचाळायचा, दार लावलं की लाथा घालायचा. एकदा नीलाचं मनगट असं पिरगळलं, की आठवडाभर तिला वेणी घालता आली नाही. अपघाताआधीची चारेक वर्षं त्याच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. जे आठवत नाही ते त्याला एकदम सांगू नका, असं डॉक्टरांनी मालनला बजावलं होतं.

मालन त्याची बायको. रोज चारला विक्रोळीहून यायची. दाराशी थांबून "येऊ का?" विचारायची. मग शेजारी बसून त्याच्याकडून शर्टाची बटणं लावून घ्यायची.

"घाई नको हं. एकेक लावा."

तिच्यासमोर तो अगदी गरीब गाय.

आठ महिन्यांत तो पुष्कळ निवळला. मिक्सरकडे आता ढुंकूनही बघत नव्हता. राहिला तो फक्त गुरुवार. कुणाला घरी सोडायचं ते डॉक्टर शुक्रवारी ठरवत. तीनदा त्या यादीत चंद्रप्रकाशचं नाव आलं, तीनदा आदल्या दिवशी भडका उडाला.

"गोळ्या वाढवू," आज डॉक्टर म्हणाले. "नाहीतर बंद वॉर्डात हलवावं लागेल."

नीलाला ते पटेना. त्याचा खरा राग तिने अंगावर घेतला होता. आणि आज ताट उचलण्याआधी त्याने शेजारच्या अंबादासकाकांना हाताला धरून अलगद बाजूला केलं होतं.

भिंत पुसून झाल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"सावंत, खरं सांगा. तुम्हाला राग आलाच नव्हता ना?"

तो शर्टाचं वरचं बटण काढून पुन्हा लावू लागला.

"घरी कुणाचा जाच आहे का?"

"छे. मला कोण जाच करणार?"

"मग? मालनताई रोज विक्रोळीहून येतात. त्यांच्याबरोबर घरी नाही जायचं?"

चंद्रप्रकाशने दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तो पुढे वाकला.

"तिला सांगणार नाही ना, मॅडम?"

"नाही सांगणार."

"आमचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली. मी ते विसरलोय असं तिला वाटतं, म्हणून तर येते ती."