रकान्यातला दुसरा

"या, दार नुसतं लोटलेलं आहे," आतून आवाज आला.

मोजणीवालीने दार ढकललं. सगळी वसाहत तिला याच नावाने ओळखायची. शहराचा नवा आराखडा आल्यापासून प्रत्येक गच्चीवर सौर पॅनेल बसली होती, आणि त्यांची वीज घरात माणसं किती ते बघून वाटली जायची. माणसं मोजायचं काम हिचं. भिंती उन्हाने तापायच्या आत, भल्या सकाळी, ती रस्त्यावर उभी राहून यंत्र एकेका घरावर रोखायची. आतल्या माणसांची ऊब मोजून यंत्र आकडा सांगायचं.

या घराच्या कागदावर दोन माणसं होती, नवरा आणि बायको. यंत्र तीन सकाळी एकच सांगत होतं. तिन्ही वेळा खिडकीत आजी उभ्या दिसल्या होत्या. तेव्हा ते एक माणूस कोण, याबद्दल तिला शंका नव्हती.

दाराशी चपलांचा एकच जोड. ओट्यावर एक कप, एक ताट, धुऊन पालथं घातलेलं. तिने मनात टिपून ठेवलं.

"बस," आजी खिडकीपाशी उभ्या होत्या. "चहा घे. किटली तेवढी तूच लाव, पोरी. माझ्याच्याने आता बटण दाबवत नाही."

तिने किटली लावली.

"या गच्चीवर आम्ही गाद्या उन्हात टाकायचो," आजी म्हणाल्या. "न्हाऊन केस वाळवत बसायचो दोघीतिघी. कोणाच्या घरात काय शिजतंय, ते सगळं तिथेच कळायचं. आता ऊन तारेतून घरात येतं."

"वीज फुकट मिळते ना, आजी."

"मिळते की. पण गप्पा नाही येत तारेतून."

मोजणीवाली हसली. मग तिने कागद काढला.

"आजोबा कुठे आहेत?"

"आत. झोपलेत."

"उठवता का जरा?"

"माझ्या हाकेने नाही उठत ते आता."

मोजणीवालीने आतल्या बंद दाराकडे पाहिलं. गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या गल्लीत एका म्हातारीने असंच सांगितलं होतं, झोपलेत म्हणून. तिथलं आतलं दार हिनेच उघडलं होतं. तो वास महिनाभर हिच्या जेवणात येत होता.

"आजी, मला खोटं लिहिता येत नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "घरात एकटं माणूस असेल तर त्याला मागच्या इमारतीत खोली देतात. दुखणं असो, म्हातारपण असो, नियम सगळ्यांना सारखा."

"तिथे ऊन येतं?"

"नाही."

"इथे दहा वाजता पलंगावर येतं. तेवढ्यावर तगून आहेत हे. त्या खोलीत एक थंडीसुद्धा काढायचे नाहीत. आणि मला काही हे घर सोडून येता येत नाही. म्हणून म्हणते, दोन लिही."

"बघितल्याशिवाय कसं लिहू?"

"मग बघ ना. मी कुठे अडवलंय?"

आजी बाजूला सरल्या. आतल्या दाराची कडी बर्फासारखी गार होती. मोजणीवालीने ओढणी नाकाशी धरली आणि दार उघडलं.

पडदे ओढलेले. अंधारात पलंगावर रजईचा ढीग, अजिबात न हलणारा. तिला हात लावायचा धीर झाला नाही. तिने पिशवीतून यंत्र काढलं. जवळून धरलं की ते चित्रच दाखवायचं. ऊब असेल ते लाल, बाकी सगळं निळं. श्वास रोखून तिने ते पलंगावर रोखलं.

लाल. डोक्यापासून पायांपर्यंत, रजईखाली लालबुंद. मग कानावर बारीकसं घोरणंही आलं.

तिने ओढणी खाली घेतली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"काय गं, आहेत ना?" आजींनी दारातून विचारलं. त्या हसत असाव्यात.

"आहेत, आजी. माफ करा. मला भलतंच वाटलं."

"वाटायचंच. तुझं कामच तसं."

तिने कागद भिंतीला टेकवला आणि पहिल्या ओळीत आजोबांचं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीशी पेन थांबलं.

तीन सकाळी यंत्राने एकच सांगितलं होतं. आजोबा तर इथे पलंगावर होते.

यंत्र समोर धरूनच ती सावकाश वळली.

यंत्राच्या पडद्यावर दाराची चौकट आली. मागे ओटा, त्यावर मघाची किटली, अजून लाल. खुंटीवरची छत्री निळी, भिंत निळी. चौकटीच्या मधोमधही नुसतं निळंच.

"आता लिही ना, दोन," चौकटीतून आजी म्हणाल्या.