झाकणाचा कप

एकोणऐंशी साली कापसाच्या व्यापाऱ्यांच्या शिष्टमंडळात लखमीचंदला डावलून देवेंद्रकुमार चीनला गेला, तेव्हापासून लखमीचंदला अन्न गोड लागत नव्हतं. एकाच गोष्टीचा त्याला आधार होता. मागच्या चातुर्मासात दोघांनी मुनिमहाराजांपुढे एकत्रच नेम घेतला होता, पाणी प्यायचं ते उकळलेलंच. परमुलखात, रेल्वेत, तो नेम टिकणार कसा? म्हणून देवेंद्रकुमार परतल्यावर, मंदिराच्या ओट्यावर कारंजा गावची निम्मी पेठ त्याच्याभोवती बसलेली असताना, लखमीचंदने सगळ्यांदेखत विचारलंच, "पेकिंगहून शांघायले जाताना गाडीत पाणी कोणतं पेत होता गा?" देवेंद्रकुमार हसला. "उकळलेलंच. तिथं समदेच तसं पेतात. पाहुण्यांच्या डब्यात एक पोरगी सारखी थर्मास घेऊन ये, अन् झाकणाच्या कपात वाफाळतं पाणी भरून जाय. नेम तर घरच्यापेक्षा सोपा झाला." म्हातारी मंडळी धन्य धन्य म्हणाली. लखमीचंदला मात्र गेल्याच आठवड्यातलं जऊळका स्टेशन आठवलं, आणि तहान अनावर झाल्यावर आजूबाजूला पाहून तोंड लावलेला फलाटावरचा नळ. चीन तर देवेंद्रकुमारने पाहिलाच, वर नेमही त्याचाच टिकला. तेवढ्यात देवेंद्रकुमारने पिशवीतून निळ्या फुलांचा, झाकणाचा एक कप काढून त्याच्या हातात ठेवला. "तुह्यासाठीच आणला. तुले बी गाडीनं फिरा लागते, नेम पाळाले कामी पडीन." सगळे पाहत होते. लखमीचंदने झाकण उचललं, कप उजेडाकडे धरून फिरवून फिरवून पाहिला. कुठेच तडा नव्हता.